उलटं फिरा, पावणं

आमच्या बंडामामाच्या दालनात पाऊल टाकलं की 'या, बसा' असं काही ऐकायला मिळत नाही. पहिलं वाक्य कानावर आदळतं ते म्हणजे, "उलटं! उलटं फिरा, पावणं!"

नवा माणूस बावचळतो. आपल्याकडं भिंतीवर फोटो आणि मधोमध काचेची पेटी दिसली की पाय आपोआप प्रदक्षिणेला लागतात. पेटी उजव्या हाताला ठेवून माणूस चालायला लागतो आणि बंडामामा त्याला दंड धरून नेमका दुसऱ्या बाजूला वळवतो. एकदा एक आजी हटून बसल्या. "उलटं कसं फिरू रं? आमच्यात मयताला उलटं फिरत्यात." मामा जराही गडबडला नाही. म्हणाला, "आज्जे, देवळात देव जागंवर बसलेला आसतो, म्हणून तुमी तुमच्या सोयीनं फिरता. हितं देवच फिरतोय. त्यो जिकडनं फिरतो तिकडनंच फिराय पायजे का नगो?"

आजींनी थोडा विचार केला आणि उलट्या फिरल्या. जाताना पेटीला हात लावून तो हात डोळ्यांनाही लावला.

हा देव म्हणजे ऋतुजा, आमच्या उचगावची पोरगी. कोल्हापुरात बर्फ बघायचा तर उसाच्या रसात, त्यामुळे ती फिगर स्केटिंग करायची ते चाकांवर, रिंकच्या गुळगुळीत फरशीवर, घड्याळाच्या उलट्या दिशेनं फेऱ्या मारत. पांढरे उंच बूट, प्रत्येकाला पुढं दोन आणि मागं दोन चाकं, बोटांपाशी ब्रेक म्हणून एक रबरी बोंड. एवढ्या सामानावर ही पोरगी जमीन सोडून हवेत अडीच गिरक्या घ्यायची आणि खाली येताना पायाचा आवाजही करायची नाही. जिल्हा झाला, राज्य झालं, देश झाला, शेवटी परदेशातून सोन्याचं पदक घेऊन आली. तोवर ज्या गावात 'स्केटिंग' हा शब्द धड कुणाला बोलता येत नव्हता, तिथं पानाच्या टपरीवर बसलेली माणसं 'लँडिंगला गुडघा जरा ताठ हुता' असं बोलायला लागली. रिंकशेजारच्या व्यायामशाळेच्या वरच्या मजल्यावर तिच्या नावाचं सार्वजनिक दालन झालं ते या वेडापायी.

बंडामामा तिचा मामा नव्हे. तो तिचा रिक्षावाला. तिचे वडील शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत सुपरवायझर, त्यांची पाळी सकाळची. म्हणून सहा वर्षांच्या ऋतुजाला रिंकवर सोडायचं आणि आणायचं काम मामाकडं आलं आणि पुढची अकरा वर्षं त्याच्याकडंच राहिलं. बाकीचे रिक्षावाले पोरं सोडून दुसरं भाडं बघायला जायचे. हा रिंकच्या फाटकात उभा राहायचा. पहिल्या दिवशी कशाला थांबलास म्हणून विचारलं तर म्हणतो, "पोरगी पडंल म्हणून थांबलो. आनि पडली न्हाय म्हणून दुसऱ्या दिशी बघाय थांबलो."

अजूनही त्याच्या अंगावर खाकी शर्ट असतो, खिशाला बिल्ला. बोलताना तो समोरच्याच्या तोंडाकडं बघत नाही, कपाळाच्या वर वीतभर कुठंतरी बघतो. मला आधी वाटायचं, माझं टक्कल बघतोय. मग उलगडा झाला की अकरा वर्षं तो त्या पोरीशी रिक्षातल्या आरशातून बोलला. आता आरसा नसला तरी नजर तिथंच जाते.

दालनावर आधी रीतसर एक शिपाई नेमला होता. आठ दिवसांत त्यानं बदली मागितली. कारण बंडामामा रोज सकाळी हजर व्हायचा आणि शिपाई पाहुण्यांना काही सांगायला लागला की मागून त्याला दुरुस्त करायचा. "ते सातवीत न्हवं, आठवीत. तवा तिच्या पुढच्या दातात फट हुती, बघा की फोटोत." दुसऱ्याची बदली झाली, तिसरा आजारी पडला. शेवटी सगळ्यांनी हात टेकले आणि किल्ली मामाकडं दिली.

माझा या प्रकरणात शिरकाव झाला तो अक्षरामुळं. मी शाळेत चित्रकला शिकवतो, मामाच्या समोरच्या घरात राहतो आणि माझं अक्षर पंचक्रोशीत बरं समजलं जातं. बरं काय, उत्तम समजलं जातं. फोटोंखालचे फलक मी लिहायचे ठरलं. मी आपलं नीटनेटकं काढलं, 'राष्ट्रीय स्पर्धा, सुवर्णपदक'. मामानं वाचलं आणि म्हणाला, "हे तर सगळ्यास्नी म्हाईत हाय. म्हाईत नसलेलं लिवा की." मग त्यानं सांगितलं ते असं: 'सकाळी एक केळ खाल्लं होतं. उजव्या मोज्याला भोक होतं. रिक्षात येताना पाढे म्हणत होती.'

मी भडकलो. म्हटलं, मामा, हे दालन आहे की वाणसामानाची यादी? दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं. तिसऱ्या दिवशी मी मुकाट्यानं मोज्याचं भोक लिहिलं. आज लोक पेटीतल्या पदकापुढं क्षणभर थांबतात आणि मोज्याच्या फलकापुढं घोळका करतात. लहान मुली तर वाकून आपापले मोजे तपासतात. माझ्या सुंदर अक्षराकडं कुणाचं लक्ष जात नाही, पण ते असो.

आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यांनी आपला भला मोठा फोटो दालनासाठी पाठवला होता. मामानं तो लावला, अगदी आदरानं लावला, पण हात धुवायच्या बेसिनच्या वर. पुढारी चिडले. मामा म्हणाला, "सायेब, बाकी फोटोंम्होरनं लोकं चालत जात्यात. हितं समदी थांबत्यात."

इथवर वाचून तुम्हाला बंडामामा म्हणजे एक गमत वाटेल. मलाही तसंच वाटायचं. ती फरशी बघेपर्यंत.

दालन उघडण्याआधी पंधरा दिवस मामानं रंगकामासाठी म्हणून किल्ली मागून घेतली आणि ते आतून बंद करून घेतलं. दार उघडलं तेव्हा सगळ्या काळ्या फरशीवर पांढऱ्या ऑइलपेंटच्या रेघा होत्या. वळणं, वाटोळं, एकात एक गुंतलेले आठाचे आकडे, मधेच तुटलेली रेघ आणि हातभर पुढं पुन्हा सुरू झालेली. परदेशात ज्या नाचानं तिला सोनं मिळालं तो नाच ती इथल्या रिंकवर वर्षभर रोज करत होती. फाटकात उभ्या राहिलेल्या या माणसानं तिच्या चाकांची वाट जशीच्या तशी, मापानं लहान करून, डोक्यातून जमिनीवर उतरवली होती. रेघ तुटते तिथं ती हवेत. सुरू होते तिथं ती खाली. मी आयुष्यभर पोरांना रेघ मारायला शिकवलं, पण अशी रेघ माझ्या हातून आली नाही. मी चपला काढून बाजूला उभा राहिलो.

पुढं कधीतरी स्केटिंगचे एक मोठे पंच आले. त्यांनी मोबाइलवर तिचा व्हिडिओ लावला आणि रेघेवरून चालत गेले. एका कोपऱ्यात थांबून म्हणाले, "सगळं बरोबर आहे हो, पण हा बारका वेढा इथं नाही." मामा म्हणाला, "हाय." पंचांनी पुन्हा बघितलं. "नाही." मामा म्हणाला, "हळू लावा, सायेब." त्यांनी व्हिडिओ अगदी सावकाश लावला. उडी मारायच्या आधी डाव्या पायाचं चाक, जेमतेम वाटीच्या कडेएवढं, आत वळून बाहेर आलं. पंचांनी खिशातलं पेन काढलं आणि मामाच्या हातात ठेवलं. मामाला पेनाचं काय करायचं ते कळेना, त्यानं ते मला दिलं.

मी तिला चाकांवर प्रत्यक्ष बघितलं ते एकदाच, एका सकाळी, मामानं बळेच ओढून नेलं म्हणून. रिंकवर कुणी नव्हतं. ती आली, दोन फेऱ्या मारल्या आणि उडाली. मी चित्रकलेचा मास्तर, माणसाचं शरीर कुठं कसं वाकतं ते मला ठाऊक आहे असं समजत होतो. त्या क्षणी मला ते काहीच ठाऊक नव्हतं. शेजारी मामा पुटपुटत होता, "आता... आता... आली." ती खाली आल्यावरच त्यानं श्वास सोडला. मला वाटतं, अकरा वर्षं तिच्या प्रत्येक उडीला हा माणूस श्वास धरून राहिला असणार.

त्याच्या हातून चूक झाली ती एकदाच, आणि तीही खास कोल्हापुरी.

राज्याचं पदक घेऊन ती आली तेव्हा मिरवणूक निघाली. पैलवान मिरवतो तेव्हा खांद्यावर गदा असते, मग हिनं काय धरायचं, यावर चर्चा झाली. मामाच्या डोक्यातून निघालं, "चाकाची बुटं घालूनच ट्रॉलीत उभी करा की!" केली. ट्रॅक्टर हलला की पोरगी घरंगळायची, म्हणून चाकांपुढं विटा लावल्या. आणि मग गुलाल. मामानं स्वतः पोती फोडली होती. वरून भुरभुर पाऊस. दुसऱ्या दिवशी बूट बघितले तर आठही चाकं जाम. गुलालाचा चिखल आत बेअरिंगमध्ये जाऊन बसला होता आणि राष्ट्रीय संघाची निवड चार दिवसांवर होती. नवी चाकं इतक्यात येणार नव्हती.

मामा पांढराफटक पडला. त्यानं रिक्षा अंगणात उभी केली, मागच्या सीटवर वर्तमानपत्र पसरलं आणि आठ चाकांची सोळा बेअरिंगं सोडवली. रॉकेल, टूथब्रश, जुनी बनियन. धुवायची, सुकवायची, कानाशी धरून फिरवायची, खर्र वाजलं की पुन्हा धुवायची. दोन दिवस त्यानं एक भाडं घेतलं नाही, जेवायला बोलावलं तर मान हलवायचा. चौथ्या दिवशी ती निवडली गेली. त्यातलं एक चाक कितीही घासलं तरी गुलाबीच राहिलं, ते दालनात आहे. त्याच्याखालचा फलक एवढा एकच माझ्या हातचा नाही. वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलंय, 'चूक माझी. बंडा.'

आता जे सांगतो ते कोल्हापुरात सगळ्यांना माहीत आहे, पण कुणी मोठ्यानं बोलत नाही. तिची शेवटची स्पर्धा इथंच, घरच्या रिंकवर झाली. गुडघा आधीच दुखावला होता. गाव लोटलं होतं. ती तीनदा पडली, आणि सगळं रिंक चिडीचूप झालं. आठवड्याभरात ती पुण्याला गेली, शिकली, नोकरीला लागली. परत आली नाही. दालनाच्या उद्घाटनालाही नाही. 'प्रकृती बरी नाही' असा निरोप आला आणि प्रमुख पाहुण्यांनी कुस्तीवर भाषण केलं.

मामानं त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. पण दालन सोमवारी बंद, अशी पाटी बाहेर मीच लिहिलेली, आणि सोमवारी हा सकाळपासून दार उघडून बसलेला. दिवाळीला उघडं, गणपती विसर्जनाला उघडं. म्हटलं, मामा, एक दिवस तरी घरी बसा. तर म्हणतो, "येखादं पावणं लांबनं यायचं आनि कुलूप बघून माघारी जायचं." हे पाहुणं कोण ते त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. फोन का करत नाही म्हणून एकदा मी विचारलं. "रिक्षावाल्यानं फोन कशाला करायचा?" म्हणाला, आणि काच पुसायला लागला.

गेल्या पावसाळ्यात ओलीनं दोन फलकांची अक्षरं फुगली होती. एका सोमवारी दुपारी मी स्टुलावर चढून ती रंगवत होतो. जिन्यावर पावलं वाजली. एक पायरी, थांबणं, मग दुसरी. दारात तोंडाला स्कार्फ बांधलेली एक मुलगी उभी राहिली. तिनं स्कार्फ सोडला आणि मी स्टुलावरून पडता पडता राहिलो. भिंतीवर चाळीस फोटो तिचे, आणि दारात ती.

मी तोंड उघडणार तेवढ्यात मामा गरजला, "मास्तर, रंग सांडतोय! खाली बघा." रंग काही सांडत नव्हता. पण त्याचा चेहरा बघून मी खाली बघितलं.

"या पावणं," मामा म्हणाला. "कुठनं आलासा?"

तिचे ओठ हलले. काहीतरी दुसरंच म्हणणार होती ती. मग म्हणाली, "पुण्याहून."

"लांबनं आलासा. पानी घ्या आधी. दालन आज बंद आसतंय, पर तुमी आलाय तर दावतो."

त्यानं दाखवलं. मी या दालनात ही फेरी शंभरदा ऐकली असेल, पण त्या दिवशीची वेगळी होती. आरडाओरडा नाही, की 'सातवीत न्हवं, आठवीत' नाही. तो पुढं आणि ती मागं. प्रत्येक फोटोपाशी तो फलकावर नसलेलं काही सांगत होता. "ह्या दिशी तिला ताप हुता. कुनाला बोलली न्हाय. मला कळलं, कारन रोज रिक्षात बडबड चालायची आनि त्या दिशी गप." "हितं ती हसतीया, पर आदल्या दिशी तिची मांजर मेलती. समद्या वाटंनं रडत आलती." ती ऐकत होती. मधेच एकदा तिनं फोटोच्या चौकटीवर बोट टेकवलं आणि चटकन काढून घेतलं.

शेवटच्या भिंतीवर शेवटच्या स्पर्धेचा फोटो आहे. संगीत सुरू होण्याआधीची ती, हात वर धरलेली.

"यात ती पडली होती ना?" तिनं विचारलं. "तीनदा."

"पडली की. गुडघा गेलता. गुडघ्याला काय कळतंय, बाहेर कोन कोन बसलंय ते?"

"सगळे गप्प झाले होते म्हणे." तिचा आवाज बारीक झाला होता. "एकानंही टाळी वाजवली नाही."

मामा सावकाश म्हणाला, "पावणं, मी फाटकात हुतो. मला समद्यांची तोंडं दिसत हुती. तिला मधनं कशी दिसनार? बायकांनी तोंडाला पदर लावलेलं. आमच्या गल्लीतली दांडगी पोरं, कवा डोळ्यांत पानी न्हाय त्यांच्या, ती माना खाली घालून बसलेली. टाळी कोन वाजवील ओ तवा? आपल्या घरातलं मानूस पडल्यावर कोन टाळ्या वाजवतंय?"

मी ब्रश धरून तसाच उभा होतो. खालून व्यायामशाळेतल्या पोरांचा आवाज येत होता.

"मग पुढं?" तिनं विचारलं.

"पुढं काय. मी रिक्षा फाटकाम्होरं लावली, रोजच्या जागंला. समदी पांगली. वाचमननं कुलूप लावलं तवा कळलं, की वडलांनी तिला मागच्या दारानं गाडीतनं न्हेली. बरोबरच केलं त्यांनी. गुडघ्यात कळा, रिक्षात हादरं बसत्यात. मला कुनी सांगितलं न्हाय, येवढंच. जाताना दिसली न्हाय."

"तुम्हाला राग आला असेल तिचा."

"छ्या!" मामा म्हणाला. "अकरा वर्सं पोरगी दारातनं न्हेली आनि दारात आनून सोडली. येक खेप तेवढी अर्धी ऱ्हायली. राग न्हाय ओ पावणं. चुकल्यावानी वाटतंय."

ती खूप वेळ त्या फोटोकडं बघत उभी राहिली. मग एकदम खाली वाकली आणि मामाच्या पायाला हात लावला.

"आवो आवो, गुडघा जपा!" मामा ओरडला आणि जीभ चावली. "म्हंजे... जिना उभा हाय, म्हणून म्हनतो."

ती उठली. रडत होती आणि हसतही होती. "येते मामा," म्हणाली.

"या. सावकाश उतरा."

तिची पावलं जिन्यावरून खाली गेली तसा मामा खिडकीशी गेला. दोन्ही हातांनी गज धरून उभा राहिला. मीही मागं जाऊन उभा राहिलो. खाली ती गाडीपाशी पोचली, दार उघडून थांबली आणि वर बघितलं. मामानं हात केला नाही. त्यानं नुसती मान हलवली, चला म्हणाल्यासारखी. गाडी फाटकातून बाहेर पडली, कोपऱ्यावरच्या रसाच्या गाड्यापाशी वळली आणि दिसेनाशी झाली. मामा तरी तिथंच.

शेवटी मी म्हणालो, "मामा, वर्षं झाली वाट बघताय. साधी नावानं हाक तरी मारायची होती."

"हाक मारली आसती तर तिला बोलाय लागलं आसतं, मास्तर," तो म्हणाला. "ती ऐकाय आलती."

मग त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले, चांगले दोनदा पुसले, आणि माझ्याकडं सरळ बघत म्हणाला, "ह्या बारीला जाताना दिसली."